रेव्हेंटलो घराणे आणि त्याच्या पदव्या

नावामागे पदवी लागली, की तिचा मान सर्वांना दिसतो. तिचा भार कोण वाहतो, हे सहसा कोणी पाहत नाही. अठराव्या शतकातील डेन्मार्कच्या रेव्हेंटलो घराण्याचा इतिहास वाचताना मात्र हा प्रश्न टाळता येत नाही.

राजा पाचवा ख्रिस्तियान याने १६७१ साली डेन्मार्कमध्ये काउंट आणि बॅरन या पदव्या निर्माण केल्या. त्या नुसत्या मानाच्या नव्हत्या. पुरेशी मोठी जमीन असणाऱ्यास अविभाज्य जहागीर आणि तिच्यासोबत करमाफी मिळत असे. होलस्टाइनमधील जुन्या सरदारकुळातील कोनराड रेव्हेंटलो १६७३ साली काउंट झाला. त्याची कन्या आन्ना सोफी १७२१ साली राजा चौथा फ्रेडरिक याची राणी झाली, तर तिच्या सावत्र भावाला १७२९ साली लोलंड बेटावरील क्रिस्तियानसेडेची जहागीर लाभली. काउंट क्रिस्तियान दितलेव रेव्हेंटलो (१७४८–१८२७) हा याच भावाचा नातू होय.

या वैभवाचा पाया कुळांच्या श्रमांवर होता. १७३३ च्या हुकुमाने कुळांच्या मुलांना, वयाच्या चौदाव्यापासून छत्तिसाव्या वर्षापर्यंत, जन्मलेली जहागीर सोडता येत नसे. १७६४ साली हे बंधन चौथ्या वर्षापासून चाळिसाव्या वर्षापर्यंत ताणले गेले.

१७७५ साली वडील वारल्यावर जहागीर हाती आलेल्या या काउंटने आपल्याच वर्गाच्या हिताविरुद्ध पाऊल टाकले. १७८६ साली नेमलेल्या कृषी आयोगात त्याचा पुढाकार होता आणि २० जून १७८८ रोजी ते बंधन टप्प्याटप्प्याने उठविण्याचा कायदा झाला. १७९० साली जटलंडमधील १०३ जमीनदारांनी युवराजाकडे या सुधारणांविरुद्ध गाऱ्हाणे मांडले. तरीही सुधारणा मागे घेतल्या गेल्या नाहीत. त्याचा धाकटा बंधू योहान लुदविग याने फ्यून बेटावरील आपल्या ब्राहेत्रोलेबोर्ग जहागिरीत कुळांच्या मुलांसाठी शाळा काढल्या.

हे यश पूर्ण नव्हते. या सुधारणांचा लाभ मुख्यतः जमीन कसणाऱ्या कुळांना झाला. झोपडीत राहणाऱ्या भूमिहीन मजुरांचे कष्ट संपले नाहीत.

पुढे १८४९ च्या राज्यघटनेने पदव्यांशी जोडलेले कायदेशीर विशेषाधिकार रद्द केले आणि १९१९ च्या कायद्याने जहागिऱ्याही विसर्जित झाल्या. राजाने दिलेले मान कालांतराने ओसरले. परंतु क्रिस्तियान दितलेवचे नाव आजही घेतले जाते, ते त्याला मिळालेल्या पदवीमुळे नव्हे, तर त्या पदवीच्या बळावर त्याने जे सोडविले त्यामुळे.