बिशप हिलच्या विणकर बायका

भगिनींनो, गेल्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, काही महिने राहण्याचा योग आला. तेथे पाहिलेल्या एका लहानशा गावाची हकीकत आपल्या मंडळात सर्वांना सांगावी असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

गावाचे नाव बिशप हिल. शिकागोहून मोटारीने अडीच-तीन तासांची वाट. वस्ती आज जेमतेम शे-सव्वाशे माणसांची; पण एके काळी येथे स्वीडनहून आलेल्या शेकडो माणसांचा एकच संसार होता. स्वीडनमध्ये त्या काळी सरकारमान्य चर्चबाहेर घरोघरी धर्मसभा भरवण्यास कायद्याची बंदी होती. एरिक यान्सन या उपदेशकाने ती मोडली. छळ सुरू झाला, तेव्हा १८४६ साली तो अनुयायांसह येथे आला. आपल्या जन्मगावाचे, बिस्कोप्सकुल्लाचे, नाव इंग्रजी करून त्याने वसाहतीस दिले. पैसा, जमीन, स्वयंपाक सारे सामाईक. पहिला हिवाळा दरडीत खणलेल्या बिळांसारख्या घरांत काढावा लागला. त्यात शंभराच्या आसपास माणसे दगावली.

अशा वेळी हाती रोख पैसा आणून दिला तो जवसाने! आपण जवसाची चटणी करतो. त्याच निळ्या फुलांच्या झाडाच्या काडीतून लिननचा धागा निघतो. काड्या उपटायच्या, ओलाव्यात कुजवायच्या, वाळवून ठेचायच्या, मग लोखंडी दातांच्या फणीतून विंचरायच्या. आतले लांब, रेशमासारखे तंतू हाती आले की सूतकताई. कताई-विणाईचे काम प्रामुख्याने बायकांचे. मुले कांड्या भरीत. वसंत ऋतूत तर पाळ्या लावून रात्रंदिवस माग चालत. १८५१ या एका वर्षात त्यांनी अठ्ठावीस हजार वारांहून अधिक लिनन विक्रीस काढले. लांबीच्या हिशेबाने आपली तीन हजारांवर नऊवारी लुगडी झाली! शिवाय जाजमे वेगळीच.

एवढ्यावर त्यांची सुटका नव्हती. ओलोफ क्रान्स हा चित्रकार लहानपणी या वसाहतीत आला होता. म्हातारपणी आठवणीने त्याने काढलेली चित्रे गावच्या संग्रहालयात आहेत. एका चित्रात दोन पुरुषांनी शेताच्या दोन टोकांना दोरी धरली आहे आणि बायकांची लांबच लांब रांग मका पेरते आहे. त्या चित्रापुढून माझा पाय लवकर निघेना.

पुढे १८५० साली यान्सनचा खून झाला. १८५३ साली कारभार सात विश्वस्तांच्या हाती गेला, सातही पुरुष. ज्यांच्या मागांवर वसाहत तगली, त्यांच्यापैकी एकही त्या मंडळात नव्हती. रेल्वे आली, पूर्वेकडच्या गिरण्यांचे स्वस्त कापड आले आणि १८५७ च्या सुमारास विक्रीसाठी विणणे थांबले. पैशाच्या व्यवहारावरून तंटे वाढून १८६१ साली सामाईक संसारही मोडला.

आज तेथील जुन्या इमारती जतन केल्या आहेत. १९८४ साली त्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरल्या. एका दुकानात हातमागावर चिंध्यांच्या सतरंज्या विणणे चालले होते. विणणाऱ्या बाईंनी मला धोटा टाकून पाहू दिला. खटका ऐकताच इचलकरंजीची आठवण झाली. तेथेही हातमागाच्या घरी कांड्या भरणारे हात बायकांचेच; विणकर म्हणून नाव मात्र बहुधा घरधन्याचे.

बिशप हिलमध्ये किती वार विणले याचा आकडा मला वाचायला मिळाला. कोणत्या बाईने किती विणले हे कोठे आढळले नाही. आपल्या आळीतही कांड्या भरलेल्या, वाकळी शिवलेल्या, पापडांवर घर चालवलेल्या आजीबाई आहेत. त्यांची नावे आणि त्यांचे काम मंडळाच्या वहीत उतरवून घेण्याचे मनावर घ्यावे, एवढीच सर्व भगिनींना विनंती.