अन्नासाठी शिकार : अमेरिकेतील नवशिक्याची वाट

अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी पहाटे हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. साडेपाच लाखांच्या आसपास शिकारी, त्यात डॉक्टर, ट्रकचालक, शिक्षिका आणि शाळकरी मुलेही, नारिंगी जाकिटे घालून कडाक्याच्या थंडीत जंगलाकडे निघतात. यातील अनेकांना शिंगांची हौस असते, हे खरे. पण त्याहून मोठ्या संख्येने लोक निघतात ते वर्षभराचे मांस फ्रीजरमध्ये भरण्यासाठी. २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार अमेरिकेत सोळा वर्षांवरील १ कोटी ४४ लाख लोकांनी त्या वर्षी शिकार केली. शिकारीचे कोणतेही घराणे नसलेली, शहरात वाढलेली आणि आपल्या ताटातले मांस कुठून येते हे स्वतः पाहू इच्छिणारी माणसे गेल्या काही वर्षांत या छंदाकडे वळली आहेत. त्यांना सर्वप्रथम कळते ती एकच गोष्ट : बंदूक विकत घेणे हा या प्रवासातला सर्वांत सोपा टप्पा आहे.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटणे स्वाभाविक आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आणले आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोका निर्माण करणाऱ्या प्राण्यांबाबत वनविभाग परवानगी देऊ शकतो. तो अपवाद आहे, ताट भरण्याचे साधन नव्हे. ससे, तितर, लावे फाशात धरून विकणे ही ज्यांची पिढ्यान् पिढ्यांची उपजीविका, त्या फासेपारध्यांच्या वाट्याला आधी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार जमातीचा शिक्का आला. तो १९५२ मध्ये पुसला गेला, पण पुढे वन्यजीव कायद्याने उपजीविकाच गेली. याच्या अगदी उलट उदाहरण विस्कॉन्सिनमध्येच सापडते. तेथील ओजिब्वे आदिवासींनी १८३७ आणि १८४२ च्या तहांत जमीन दिली, पण त्या जमिनीवर शिकार व मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. हा हक्क अद्याप शाबूत असल्याचा निर्वाळा संघीय अपील न्यायालयाने १९८३ मध्ये दिला.

विक्रीला बंदी, म्हणून शिकार टिकली

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत शिकार हा बाजाराचा धंदा होता. रेल्वेने हरणे, बदके, कबुतरे शहरांतील बाजारांत पोचत आणि वजनावर विकली जात. अब्जावधींच्या संख्येने उडणारे पॅसेंजर कबुतर या धंद्याने संपवले. त्या जातीची शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावली. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या १९०० च्या सुमारास पाच लाखांच्याही खाली घसरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात असल्याचे मानले जाते.

हे उलटे चक्र फिरवण्यात कायद्यांचा मोठा वाटा आहे. बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारावर १९०० मध्ये बंदी आली, स्थलांतरित पक्ष्यांना १९१८ मध्ये संरक्षण मिळाले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, छऱ्यांच्या बंदुका आणि काडतुसे यांवरील ११ टक्के कर वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांकडे वळवला. नवशिक्याने लक्षात ठेवावा असा नियम मात्र एकच : रानात मारलेल्या हरणाचे मांस विकता येत नाही. खावे, वाटावे, दान करावे. पण दुकानात ठेवता येत नाही. अमेरिकी हॉटेलांतील हरणाचे मांस पाळीव कळपांतले असते. शिकारीला पैशाचा वास लागू न देणे हेच तिच्या टिकण्याचे कारण ठरले, असे म्हणण्यास पूर्ण वाव आहे.

आधी वर्ग, मग परवाना

शिकारीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, तरी सुरुवात बहुतेक ठिकाणी वर्गापासून होते. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना, तर टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ पासून पुढे जन्मलेल्यांना शिकार सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. आता याचा बराच भाग इंटरनेटवर करता येतो. बंदुकीची हाताळणी, प्राण्यांची ओळख, कायदा आणि प्रथमोपचार हे त्याचे विषय. ज्यांना आधी अनुभव घेऊन पाहायचा आहे, त्यांना अनेक राज्ये जाणत्या शिकाऱ्याच्या देखरेखीखाली शिकार करण्याचा शिकाऊ परवाना देतात. नवख्याने ही सोय आवर्जून घ्यावी. पुस्तकातून जे वर्षभरात उमगत नाही, ते जाणत्याच्या शेजारी दोन सकाळी बसून उमगते.

परवान्याबरोबर टॅग मिळतो. एक टॅग म्हणजे एक प्राणी. नर की मादी, कोणत्या विभागात, बंदुकीने की धनुष्याने, कोणत्या तारखांना हे सारे ठरलेले असते आणि शिकार झाल्यावर तिची नोंद करावी लागते. राज्याच्या रहिवाशाला परवाना स्वस्त पडतो. टेक्सासमध्ये रहिवाशाचा साधा परवाना बरीच वर्षे २५ डॉलरला मिळत आला, तर बाहेरच्याला त्याच रानासाठी तीनशेहून अधिक डॉलर मोजावे लागतात.

अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्या भारतीयांशी संबंधित एक तरतूद येथे सांगायला हवी. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी नागरिकाला संघीय कायद्यानुसार बंदूक बाळगता येत नाही. मात्र ज्याच्याकडे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना आहे, तो या बंदीतून वगळला जातो. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि राज्याचे नियम वेगळे लागू असतातच. या बाबतीत गाफील राहिल्यास प्रकरण थेट हद्दपारीपर्यंत जाऊ शकते.

जमीन हा पुढचा प्रश्न. टेक्सासमधील सुमारे ९५ टक्के जमीन खासगी आहे, त्यामुळे तेथे शिकारीचा हक्क भाड्याने घ्यावा लागतो आणि तो परवान्याच्या कितीतरी पट महाग पडतो. पश्चिमेकडील राज्यांत चित्र निराळे आहे. एकट्या भूव्यवस्थापन खात्याकडे साडेचोवीस कोटी एकरांच्या आसपास सार्वजनिक जमीन आहे आणि तिचा बहुतांश भाग शिकाऱ्यांना खुला आहे.

नेम आणि संयम

पहिल्याच वर्षी हरणामागे न लागता खार आणि सशापासून सुरुवात करावी, असा जुन्या जाणत्यांचा सल्ला असतो. खर्च कमी, हंगाम लांब, आणि दबकत चालणे, थांबणे, पाहणे यांचा सराव होतो. सशांमधून टुलारेमिया हा जिवाणूजन्य आजार माणसाला होऊ शकतो, म्हणून सोलताना हातमोजे हवेतच.

हरणासाठी .२४३ किंवा .३०८ मापाची साधी रायफल पुरते. महागड्या रायफलीपेक्षा सरावाच्या काडतुसांवर पैसे खर्चणारा नवशिका शहाणा. जंगलात बहुतेक गोळ्या शंभर मीटरच्या आतच झाडल्या जातात. तेवढ्या अंतरावरून, बसून आणि उभ्याने, थंडीने हात आखडलेले असताना थाळीएवढ्या वर्तुळात दर वेळी गोळी लागते की नाही, हे हंगामाआधी मैदानावर तपासावे. लागत नसेल तर जंगलात जाऊ नये.

सुरक्षेचे नियम सगळीकडे सारखेच. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजावे, नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवावे, नेम धरेपर्यंत चापावर बोट नेऊ नये आणि लक्ष्यामागे काय आहे हे पाहिल्याशिवाय गोळी झाडू नये. भडक नारिंगी कपडे बहुतेक राज्यांत सक्तीचे आहेत. हरणाला नारिंगी आणि हिरवा यांत फारसा फरक दिसत नाही. माणसाला मात्र तो अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो. विस्कॉन्सिनने २०१६ मध्ये भडक गुलाबीलाही मान्यता दिली. अपघात म्हटले की गोळीच डोळ्यांसमोर येते, पण झाडावरील मचाणावरून पडून होणाऱ्या दुखापतीही शिकाऱ्यांमध्ये फार मोठ्या प्रमाणावर होतात. कमरेचा नव्हे, तर संपूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा जमीन सोडल्यापासून पुन्हा जमिनीवर येईपर्यंत दोरीला अडकवलेला असावा.

शिकारीचा बराचसा वेळ काही न करण्यात जातो. हरणाचे नाक तीक्ष्ण असते, म्हणून वारा त्याच्याकडून आपल्याकडे येईल अशी जागा धरायची आणि बसून राहायचे. हरीण आलेच तर हृदयाचे ठोके असे वाढतात की अनुभवी माणसाचाही नेम चुकतो. योग्य जागा म्हणजे पुढच्या पायाच्या खांद्यामागची, जिथे फुप्फुसे आणि हृदय असते. हरीण कुशीने उभे असेल तरच गोळी झाडावी. तोंडासमोर, पाठमोरे किंवा पळते असेल तर सोडून द्यावे.

सर्वांत अवघड भाग त्यानंतर येतो. गोळी लागलेले हरीण बहुधा पळते. लगेच मागे धावल्यास ते घाबरून मैलभर जाते आणि हाती लागत नाही. म्हणून ते उभे होते ती जागा नजरेत ठेवून किमान अर्धा तास थांबायचे, मग रक्ताचा माग काढायचा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. हरीण जवळच असेल. गडद लाल रक्त यकृताची शंका दाखवते. हिरवट पाणी आणि दुर्गंधी असेल तर गोळी पोटात लागलेली आहे, आणि तेव्हा सहा ते आठ तास थांबणे भाग असते. तेवढा वेळ एक प्राणी कुठेतरी झुडपात तडफडत पडलेला असतो, आणि तो आपल्यामुळे. अन्नासाठी शिकार करणाऱ्याच्या नीतीची कसोटी येथे लागते. अंधार पडला, पाऊस आला म्हणून जखमी हरीण सोडून घरी जाणाऱ्याला शिकारी समाजात मान नाही.

चाकूचे काम

मेलेले हरीण हे अजून मांस नव्हे. ते लगेच साफ केले नाही तर वाया जाते. जागेवरच पोट चिरून आतडी काढायची. जठर किंवा मूत्राशय फुटले तर आसपासचे मांस बिघडते, म्हणून पात्याची धार वरच्या बाजूला ठेवून हळूहळू कापायचे. मग धड लवकरात लवकर थंड करायचे. हवा पाच अंशांच्या वर असेल तर बर्फ भरावा लागतो. दक्षिणेकडील उबदार राज्यांत पहिल्या शिकारीचे मांस याच टप्प्यावर अनेकदा हातचे जाते.

साधारण ७० किलोच्या जिवंत हरणापासून हाडे काढलेले २५ ते ३० किलो मांस मिळते. पाठकण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू सर्वांत कोवळे. ते झटपट, मोठ्या आचेवर करावेत. मांड्यांचे तुकडे, खांद्याचा खिमा, नळ्यांचा रस्सा अशी बाकीची विभागणी होते. हरणाच्या मांसात चरबी फार कमी असते आणि जी असते ती मेणचट लागते, म्हणून ती काढून टाकतात. उग्र वासाची तक्रार असते ती बहुधा प्राण्याची नसून उशिरा थंड केलेल्या मांसाची. दह्यात मुरवून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर शिजवलेले खांद्याचे मांस बोकडाच्या मटणाची सवय असलेल्या जिभेला मुळीच परके वाटणार नाही.

हे स्वस्त पडते का? पहिल्या वर्षी नाही. रायफल, दुर्बीण, कपडे, पेट्रोल आणि खाटकाची शंभर-दोनशे डॉलरची मजुरी धरली, तर पहिल्या हरणाचा किलोमागे भाव उत्तम गोमांसाच्या वर जातो. मांस स्वतः कापणाऱ्याला, घराजवळ शिकार करणाऱ्याला आणि तीच बंदूक वीस वर्षे वापरणाऱ्याला हिशेब जमतो. अलास्कातील खेड्यांत मात्र हा प्रश्न वेगळ्या प्रकारे विचारला जातो. तेथे दुकानातील माल विमानाने येतो आणि एका मूझपासून दोनशे किलोंहून अधिक मांस मिळते. १९८० च्या संघीय कायद्याने अलास्कातील संघीय जमिनीवर ग्रामीण रहिवाशांच्या पोटापुरत्या शिकारीला अग्रक्रम दिला आहे, आणि मारलेल्या मोठ्या प्राण्याचे खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा तेथे गुन्हा आहे.

दोन धोक्यांची माहिती नवशिक्याला असायलाच हवी. पहिला शिशाचा. शिशाची गोळी आत फुटून डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच दूर पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डाकोटात गरिबांसाठी दान केलेल्या मांसात असे कण आढळले आणि अन्नछत्रांना ते टाकून देण्याची सूचना झाली. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. इतरत्र तांब्याची गोळी वापरणे हा ऐच्छिक, पण घरात लहान मुले किंवा गर्भवती असल्यास निश्चितच शहाणपणाचा उपाय आहे.

दुसरा धोका हरणांना होणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीजचा. १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम दिसलेला हा मेंदूचा असाध्य रोग आता ३० हून अधिक राज्यांत पोचला आहे. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ मध्ये आढळला. तो माणसाला झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, पण त्याला कारणीभूत असलेली विकृत प्रथिने शिजवून नष्ट होत नाहीत. त्यामुळे बाधित भागातील हरीण तपासून घ्यावे आणि अहवाल दूषित आल्यास मांस खाऊ नये, अशी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची शिफारस आहे. विस्कॉन्सिनचा निसर्गसंपदा विभाग ही तपासणी विनामूल्य करतो. त्यासाठी मानेतील लसिका ग्रंथींचा नमुना द्यावा लागतो. अहवाल हाती येईपर्यंत त्या हरणाचे मांस इतर मांसात न मिसळता, क्रमांकाची चिठ्ठी लावून फ्रीजरच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचे असते.