साहिबदीनचा कृष्ण

गोकुळाष्टमी झाली की दुसऱ्या दिवशी वर्गात दहीहंडीचाच विषय असतो. एकदा सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, अपने लोगां में कोई किशन की तस्वीर बनाया क्या?" प्रश्न साधा होता, पण त्यातला 'अपने लोगां' हा शब्द मला टोचला. नायगावच्या गल्लीत वाढलेल्या या मुलाच्या मनात एवढ्या वयात रेघ ओढली गेली होती.

मी त्याला साहिबदीनचे नाव सांगितले.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात भागवत पुराणाची एक सचित्र पोथी आहे. ती 1648 सालची, मेवाडचे राणा जगतसिंह पहिले यांच्या काळातली. तिचा चित्रकार साहिबदीन मुसलमान होता. भागवताच्या दशम स्कंधाचे 90 अध्याय म्हणजे कृष्णाचे चरित्र. ते रंगवायला नुसता हात चालून भागत नाही, कथा आतून माहीत असावी लागते. मेवाडी चित्रात लाल-पिवळी सपाट पार्श्वभूमी असते. साहिबदीन एकाच चौकटीत तीच व्यक्ती दोन-तीन ठिकाणी दाखवतो. पाहणाऱ्याने प्रसंग क्रमाने वाचत जावे, अशी त्याची मांडणी.

हे त्याचे एकच काम नव्हे. 1628 ची रागमाला आणि 1629 चे गीतगोविंद त्याचेच. जगतसिंहांसाठी सुरू झालेल्या रामायणातली अयोध्या व युद्ध ही कांडेही त्याच्या चित्रशाळेतली. त्याच रामायणाचे 1649 चे बालकांड मनोहर या चित्रकाराचे. म्हणजे एकाच ग्रंथावर दोघांचे हात लागले.

साहिबदीनच्याही आधी, 1605 साली, मेवाडची राजधानी चावंड येथे नासिरुद्दीनने रागमाला रंगवली. तेव्हा राणा अमरसिंह मोगलांशी लढत होते. तह झाला 1615 साली. ऐन लढाईच्या काळात राण्याच्या राजधानीत एक मुसलमान चित्रकार रंग घोटत बसला होता. लढाई दोन राज्यांची होती, दोन धर्मांची नव्हती, हे सांगायला याहून वेगळा पुरावा कशाला?

तस्वीर काढण्याबाबत आपल्यात मतभेद आहेत. ते मी मुलांपासून लपवत नाही. पण मत वेगळे आणि घडलेला इतिहास वेगळा. आपली मुले बादशहांची नावे पाठ करतात, त्यांच्यावरून टोमणेही ऐकतात. कारागिरांची नावे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. आपल्यापैकी किती जणांचे पूर्वज बादशहा होते? विणकर, रंगारी, शिकलगार, अत्तार यांचीच आपण लेकरे. साहिबदीन आपल्याला जवळचा आहे तो त्यामुळे. त्याने हुनरावर रोजी कमावली, आणि आपल्या नावानिशी कमावली.

त्या मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर उर्दूत 'साहिबदीन' लिहून घेतले. मी फक्त साल लिहायला सांगितले : 1648.