लोणावळ्यातली ‘सुफी नाइट’ आणि खुलताबादचे बुऱ्हाणी

नेहमीप्रमाणे हा एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि वाचायचा कंटाळा असेल तर इअरफोन लावा. लोकलमध्ये उभे असाल तर एका हाताने दांडा धरा, मग सुरू करू.

गोष्ट सुरू होते एका एक्सेल शीटपासून. आमच्या कंपनीची टीम आउटिंग ठरली, आणि कुठे? तर लोणावळ्याला. आता मी लोणावळ्याचाच. ज्या रिसॉर्टमध्ये आम्ही उतरणार होतो ते माझ्या घरापासून स्कूटरवर बारा मिनिटं. सगळे हिंजवडीहून बसने आले आणि मी घरचे पोहे खाऊन चालत्या पावसात रेनकोट घालून पोचलो. शीटमध्ये दिवसाचा कार्यक्रम होता. दुपारी टायगर पॉइंट, चारला चहा-भजी, आणि साडेसातला: ‘सुफी व्हर्लिंग सेरेमनी’.

मी दोनदा वाचलं. सत्तावीस वर्षं या गावात काढली, पण इथे सुफी सेरेमनी होते हे मला माहीत नव्हतं.

साडेसातला हॉलमधले दिवे गेले. स्पीकरवर बॉलिवूडची एक सुफी छापाची कव्वाली लागली आणि एक मुलगा आत आला. डोक्यावर उंच टोपी, अंगात घेरदार झगा. तो गोल फिरायला लागला. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. मग त्याने कुठलं तरी बटण दाबलं आणि झग्यातले एलईडी लागले. निळे, मग हिरवे, मग गुलाबी. आमच्या टेबलावर टाळ्या, शिट्ट्या. पनीर टिक्का फिरत होता. सगळ्यांचे मोबाइल वर. माझाही वर होता, खोटं कशाला बोलू? पण खरं सांगतो, एलईडी लागायच्या आधीची जी पाच मिनिटं होती ना, त्यात माझं हातातलं खाणं थांबलं होतं. माणूस इतका वेळ एका जागी फिरतो आणि पडत नाही, यात काहीतरी होतं.

नंतर तो मागच्या बाजूला पायरीवर बसून पाणी पीत होता. मी जाऊन विचारलं, “भाऊ, हे शिकलात कुठे?” तो म्हणाला, “सर, व्हिडिओ बघून. आठ महिने लागले. आधी खूप उलट्या व्हायच्या.” मग हसून म्हणाला, “लग्नात पण करतो. याला तनूरा म्हणतात, सर. लोक सुफी म्हणतात तर आम्ही पण सुफी म्हणतो.”

हे वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आलो. आणि पुढचे काही आठवडे ऑफिसनंतर हेच वाचत बसलो. तर आजचा एपिसोड त्याच्यावर.

आधी तनूरा. अरबीत या शब्दाचा अर्थ घागरा किंवा परकर. इजिप्तमध्ये, विशेषतः कैरोत, रंगीत जड घागरे घालून गोल फिरण्याचा हा लोकनाच आहे. तिथून तो दुबईच्या वाळवंटातल्या जेवणाच्या कार्यक्रमात गेला आणि तिथून आपल्याकडच्या लग्नांत आला. पण त्याचं मूळ शोधत गेलं की रस्ता तुर्कस्तानला जातो. तिथल्या फिरणाऱ्या दरवेशांच्या पांढऱ्या झग्याला ‘तेन्नूरे’ म्हणतात. तोच शब्द. ऑटोमन काळात त्या दरवेशांचा मठ कैरोतही होता.

हे दरवेश म्हणजे मेव्हलेवी. मौलाना रूमी हे कोन्या शहरात राहायचे, तिथेच १७ डिसेंबर १२७३ रोजी वारले. त्यांचा मुलगा सुलतान वलद याने पुढे शिष्यांचा पंथ बांधला, आणि नंतरच्या पिढ्यांनी फिरण्याला नियम लावले. या विधीचं नाव ‘समा’. मूळ अरबी अर्थ: ऐकणं. लक्षात घ्या, नाचणं नाही, ऐकणं! ऐकता ऐकता शरीर हललं तर ते पुढचं.

आता त्या पोशाखाचा अर्थ बघा. उंच टोपी म्हणजे आपल्या अहंकाराचा थडग्यावरचा दगड. वरचा काळा अंगरखा म्हणजे थडगं. आतला पांढरा झगा म्हणजे कफन. सुरुवातीला काळा अंगरखा उतरवतात, म्हणजे माणूस थडग्यातून उठला. मग उजवा तळहात आकाशाकडे, डावा जमिनीकडे. वरून घ्यायचं आणि खाली देऊन टाकायचं, स्वतःकडे काही ठेवायचं नाही. डावा पाय जमिनीवर, त्याभोवती उजव्या पायाने फिरायचं, घड्याळाच्या उलट दिशेने.

आणि हे शिकायचं कसं? एका लाकडी फळीवर गोल खिळा असायचा. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत तो खिळा धरायचा, फळीवर मीठ टाकायचं म्हणजे कातडं सोलणार नाही, आणि फिरत राहायचं. पण त्याहून मोठी अट दुसरीच होती. पूर्ण दरवेश व्हायचं तर मठात १००१ दिवस सेवा करायची. कुठे? तर स्वयंपाकघराच्या हाताखाली. भांडी, झाडलोट, बाजार. आपण कोडिंगचा तीन महिन्यांचा बूटकॅम्प करून डेव्हलपर होतो, मंडळी. इथे पावणेतीन वर्षं भांडी!

मग असा विधी तिकिटावर कसा आला? इथे एक सरकारी कायदा येतो. तुर्की प्रजासत्ताक १९२३ साली झालं आणि ३० नोव्हेंबर १९२५ रोजी कायदा क्रमांक ६७७ आला. देशातले सगळे सुफी मठ आणि दर्गे बंद. शेख, दरवेश या पदव्याही बंद. कोन्यातला रूमींचा दर्गा १९२७ मध्ये म्युझियम झाला. समा उघडपणे करणं गुन्हा ठरलं. काही घरांत दारं लावून चालू राहिलं. मग १९५०च्या दशकात कोन्यात डिसेंबरमध्ये रूमींच्या स्मृतिदिनाला समा करायची परवानगी मिळाली. पण कशी? धार्मिक विधी म्हणून नाही, तर सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. प्रेक्षकांसमोर.

म्हणजे बघा, आपण पटकन म्हणतो की टुरिझमने सगळं बिघडवलं. इथे उलटं झालं. प्रेक्षकांच्या खुर्च्या मांडल्या म्हणूनच तो विधी उजेडात परत आला. युनेस्कोने २००५ साली त्याला मानवजातीच्या वारशात जागा दिली, आणि त्याच वेळी हेही नोंदवलं की पर्यटकांसाठी समा बऱ्याचदा लहान आणि सोपा केला जातो. तो १९२५चा कायदा आजही रद्द झालेला नाही.

बरं, हे झालं तुर्कस्तानचं. मला प्रश्न पडला, आपल्याकडे काय?

उत्तराची सुरुवात आपल्या रोजच्या एका शब्दात आहे: उरूस. गावोगावी उरूस भरतो, पाळणे येतात, खाजा-रेवड्या येतात. हा शब्द अरबी ‘उर्स’वरून आला, आणि त्याचा अर्थ आहे लग्न. संताचा मृत्यू म्हणजे देवाशी लग्न. रूमींच्या स्मृतिदिनाला तुर्कीत ‘शेब-ई अरूस’ म्हणतात, म्हणजे लग्नाची रात्र. कोन्यातली लग्नाची रात्र आणि आपल्या गावचा उरूस हे भाऊ-भाऊ आहेत.

आता चला खुलताबादला. वेरूळच्या लेण्यांपासून चार-पाच किलोमीटर, घाट चढून. चौदाव्या शतकात दिल्लीला निजामुद्दीन औलिया होते, चिश्ती पंथाचे. चिश्ती लोकांना समाची ओढ मोठी. त्यांचे आधीचे एक पीर, कुतबुद्दीन बख्तियार काकी, समा ऐकता ऐकताच १२३५ साली गेले अशी आठवण सांगतात. पण कर्मठ मौलवींना हे पसंत नव्हतं. सुलतान गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात याच विषयावर निजामुद्दीनना उत्तर द्यायला उभं राहावं लागलं होतं. म्हणजे समाला विरोध १९२५ मध्ये सुरू झाला नाही, सहाशे वर्षं आधीही वाद होताच.

निजामुद्दीन १३२५ मध्ये वारले. दोन वर्षांनी मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवायला घेतली. शाळेत आपण हे ‘वेडा मुहम्मद’ म्हणून वाचलं. पण त्या स्थलांतरात दख्खनला जी माणसं आली त्यांत होते निजामुद्दीनचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब. आणि कवी अमीर हसन सिजझी, ज्यांनी निजामुद्दीनची बोलणी लिहून ठेवली. दोघांच्याही कबरी खुलताबादेत आहेत.

बुऱ्हाणुद्दीन समाचे इतके वेडे होते की त्यांची नाचण्याची पद्धतच वेगळी ओळखू यायची. मीर खुर्द नावाच्या त्या काळातल्या चरित्रकाराने नोंदवलंय की त्या पद्धतीमुळे त्यांच्या सोबत्यांना ‘बुऱ्हाणी’ म्हणत. विचार करा, आपल्या महाराष्ट्रात, वेरूळच्या डोंगरावर, नाचण्याच्या शैलीवरून ओळखली जाणारी सुफी मंडळी होती! बुऱ्हाणुद्दीन १३३७ साली वारले, रूमींनंतर चौसष्ट वर्षांनी. पुढे खानदेशच्या फारुकी सुलतानांनी त्यांच्या नावाने शहर वसवलं: बुऱ्हाणपूर. उत्तरेकडे जाताना रेल्वेतून आपण ते स्टेशन कितीदा ओलांडतो.

डिसेंबरात मी खुलताबादला जाऊन आलो. वेरूळला बसगाड्यांची रांग. खुलताबादला येणारे बहुतेक जण १७०७ साली वारलेल्या औरंगजेबाची कबर बघतात आणि निघतात. समोरच बुऱ्हाणुद्दीनचा दर्गा आहे, तिथे मी अर्धा तास बसलो. शांत होतं. एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. उरसाला कव्वाली होते, पण बुऱ्हाणी पावलं टाकणारं कुणी नाही. तुर्कस्तानात बंदी आली, तरी फिरणं उरलं. इथे कुणी कायदा केला नाही, तरी पावलं गेली, नुसतं नाव राहिलं.

जुन्या सुफींनी समासाठी तीन अटी सांगितल्यात. बगदादच्या जुनैद यांच्या नावाने त्या सांगतात आणि इमाम गझालींनी त्या लिहून ठेवल्यात: जमान, मकान, इख्वान. योग्य वेळ, योग्य जागा, आणि योग्य सोबती. मला वाटतं सगळा प्रश्न इथे आहे. तिकीट काढलं की वेळ मिळते, जागा मिळते. सोबती तिकिटावर मिळत नाहीत.

आता हे सगळं मी आज का सांगतोय? कारण आउटिंगनंतर एचआरच्या ताईंनी मला बाजूला घेतलं. “अरे, तू इथलाच ना? तुझी आजी भजनी मंडळात आहे म्हणालास. पुढच्या आउटिंगला त्यांना बोलावू या का? वारकरी एक्सपिरियन्स. पावली, फुगडी, तीस मिनिटं. मानधन देऊ.”

आजी चौऱ्याहत्तर वर्षांची. बीजेला दरवर्षी लोकलने देहूरोडला उतरून तुकोबांच्या देहूला जाते. आता गुडघ्यांमुळे पावली खेळत नाही, टाळ वाजवते. पण चार वर्षांपूर्वी मी तिला पालखीत शेजारच्या अनोळखी बाईचे हात धरून फुगडी घालताना बघितलंय. दोघी डोळे मिटून, मागे रेललेल्या. एकीने हात सोडले तर दुसरी पडणार. आणि मंडळाला पैशांची गरज आहे हेही खरं. पखवाजाच्या पुड्या बदलायला झाल्यात, आणि वर्गणीतून ते होईना.

मी आठवडाभर सांगितलंच नाही. मला भीती काय होती? आजी ‘हो’ म्हणेल आणि मग पनीर टिक्का फिरत असताना तिचं मंडळ पावली खेळेल, वर मोबाइल धरलेले असतील. शेवटी सांगितलं. मला वाटलं चिडेल.

ती म्हणाली, “येऊ की. त्यात काय झालं? देवाचं नाव कुठंबी घ्यावं.” मग थोडं थांबून म्हणाली, “पण एकादशीला बोलवू नकोस. आन् जेवणं आटपल्यावर. आन् बघत बसायचं न्हाई हां कुणी, हात धरायला यायचं.”

वेळ, जागा, सोबती. गझालींचं नावही तिने ऐकलेलं नाही.

मी ताईंना तसाच मेसेज पाठवला, शब्द न शब्द. त्यांचं उत्तर आलं, “हात धरायला सगळे तयार होतील असं नाही, विचारून सांगते.” हा एपिसोड रेकॉर्ड करेपर्यंत त्यांनी सांगितलेलं नाही. मी टीमच्या ग्रुपवर माझं नाव मात्र पहिलं टाकलंय.

तर मंडळी, तुम्ही कधी इस्तंबूलला गेलात, नाहीतर इथेच कुठल्या रिसॉर्टवर बसलात आणि समोर कुणी फिरायला लागलं, तर जरूर बघा. तिकीट काढण्यात पाप नाही, त्या तिकिटावर कुणाचं तरी घरही चालतं. फक्त पहिली पाच मिनिटं मोबाइल खिशात ठेवा. आणि वेरूळला गेलात तर तेवढा घाट चढून खुलताबादला थोडं टेका.

तुमच्या गावच्या उरसात किंवा दिंडीत कुणी असं फिरताना पाहिलं असेल तर मला लिहून पाठवा. त्यावर एक एपिसोड नक्की करू. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर काळजी घ्या, आणि घाटात गाडी हळू चालवा.