स्वस्त टन नक्की कुणाला स्वस्त?

गेले दोन-तीन वीकेंड कार्बन बाजाराचा इतिहास वाचतोय. त्यातलं एक प्रकरण आपल्यासारख्या इंजिनियर मंडळींना लगेच कळेल असं आहे.

१९९७ साली क्योटो करार झाला. श्रीमंत देशांनी उत्सर्जन घटवायचं कबूल केलं, पण एक सोय ठेवून. घरची कपात महाग पडत असेल तर भारत-चीनसारख्या देशांतली विकत घ्या! तर्क बिनतोड होता. एक टन कार्बन डायऑक्साइड जर्मनीत वाचला काय नि गुजरातेत वाचला काय, हवेला सारखंच. या योजनेचं नाव क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम, म्हणजे सीडीएम. एका टनाला एक क्रेडिट.

आता गंमत बघा. एसीत वापरला जाणारा एचसीएफसी-२२ हा वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा दुसरा वायू कचरा म्हणून निघतो. त्या वेळच्या हिशेबात त्याचा एक टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे तब्बल ११,७०० टन! भट्टीत जाळला की क्रेडिट्सचा पाऊस. मार्च २००५ मध्ये गुजरातमधला असा प्रकल्प नोंदला गेला, पुढे चीनमधले आले. २००७ मध्ये मायकेल वारा यांनी 'नेचर'मध्ये हिशेब मांडला : जाळण्याचा खर्च १० कोटी युरोच्या आत, क्रेडिट्सचे मोजायचे सुमारे ४७० कोटी! मूळ माल विकून मिळेल त्याच्या जवळपास दुप्पट कमाई कचऱ्यातून.

आता मला सांगा, सुधारलेल्या प्रत्येक बगमागे प्रोग्रामरला पैसे दिले तर बग कमी होतील का? २०१० मध्ये 'सीडीएम वॉच' या संस्थेने नेमका हाच आरोप केला, की काही कारखाने क्रेडिटसाठी उत्पादन ताणताहेत. शेवटी मे २०१३ पासून युरोपने आपल्या बाजारात ही क्रेडिट्स बंद केली.

बाजार अगदीच खोटा होता असं नाही. वायू खरंच जळला, आणि घेणाऱ्याला घरच्यापेक्षा स्वस्तही पडला. पण खर्च आणि भाव यांतली दरी मधल्यामध्ये वाटली गेली. चीन सरकारने तर या कमाईवर ६५ टक्के कर लावला होता.

आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये किगालीच्या बैठकीत भारताने काय जाहीर केलं? कारखान्यांनी हा वायू स्वखर्चाने जाळायचा. बस्स, एक सरकारी आदेश!

पॅरिस कराराच्या कलम ६ खालच्या नव्या बाजाराचे नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूत पूर्ण झाले. तिथेही 'सर्वांत स्वस्त टन' हा शब्द ऐकू येईलच. तेव्हा भावाच्या शेजारी खर्चाचा कॉलमही मागून घ्यायचा.