गेलेल्याने जाणाऱ्याला सांगावे



आपल्या भागात असे घर विरळाच, की ज्या घरातला एक तरी माणूस परमुलखात नाही. कुणाचा मुलगा नोकरीसाठी निघतो, कुणाची मुलगी शिक्षणासाठी, कुणाचे आईवडील हजला. निघायची तारीख जवळ आली की ओटीवर माणसे जमतात. कुणी सांगतो, पासपोर्टच्या दोन झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेव. कुणी सांगतो, औषधाबरोबर डॉक्टरची चिठ्ठी घे. चहा होतो, बैठक मोडते, आणि त्या बोलण्याला इतिहासात काही जागा असेल असे कुणाच्या मनातही येत नाही.

इतिहास शिकवणारा माणूस म्हणून मला मात्र या बैठकीत एक जुनी परंपरा दिसते. जो जाऊन आला त्याने जो निघाला त्याला सांगावे, अशी ती परंपरा. तिचा आठशे वर्षांहून अधिक जुना लेखी पुरावा उपलब्ध आहे. तो थोडक्यात आपल्यापुढे ठेवतो, आणि शेवटी आपल्या गावापुरते एक मागणे मागतो.

स्पेनमधील ग्रॅनाडा शहराच्या सुभेदाराचा चिटणीस इब्न जुबैर ११८३ साली हजला निघाला. वाटेत त्याने रोजनिशी ठेवली. त्या काळी प्रवासवर्णन म्हटले की शहरांची स्तुती आणि इमारतींची मापे असा समज आहे. इब्न जुबैरने तेही लिहिले आहे. पण अलेक्झांड्रियाच्या बंदरात जकातीच्या लोकांनी यात्रेकरूंची कशी झडती घेतली, सामान कसे उसकले गेले, गर्दीत वस्तू कशा नाहीशा झाल्या, हेही त्याने स्पष्ट नोंदवले.

पुढे नाईल नदीने वर जाऊन वाळवंट ओलांडून तो तांबड्या समुद्रावरील ऐजाब बंदराला पोचला. वाळवंटात उंटावर कोणत्या प्रकारचा हौदा बरा हे तो सांगतो. दोन बाजूंना दोघे बसतात, वर आच्छादन असते, सोबत्याशी बोलता येते, वाचता येते, वाटले तर बुद्धिबळही खेळता येते. ऐजाबहून जेद्दाला नेणाऱ्या गलबतांविषयी मात्र त्याने कडक शब्दांत लिहिले आहे. त्या गलबतांना खिळा नसे. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. दोष त्या शिवणीचा नव्हता. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही तशी गलबते चालत. दोष मालकांच्या लोभाचा होता. एकाच फेरीत गलबताची किंमत वसूल व्हावी म्हणून ते माणसे खुराड्यातल्या कोंबड्यांप्रमाणे कोंबत. म्हणून इब्न जुबैर पुढच्या यात्रेकरूंना बजावतो, की शक्य असेल त्याने ही वाट टाळावी. लांबची असली तरी शाम आणि इराकवरून, बगदादच्या काफिल्याबरोबर जावे.

वाचकहो, इथे क्षणभर थांबावे. हा माणूस स्वतः त्या वाटेने सुखरूप गेला होता. गप्प बसला असता तर त्याचे काही बिघडले नसते. तरीही त्याने लिहिले, कारण त्याच्या मागून माणसे येणार होती.

परतीच्या प्रवासात डिसेंबर ११८४ मध्ये त्याचे जहाज सिसिलीच्या मेसिना बंदराजवळ फुटले. किनाऱ्यावरचे होडीवाले माणसे वाचवायला आले, पण भाडे मागू लागले. गरिबांजवळ द्यायला काही नव्हते. सिसिलीचा राजा विल्यम त्या वेळी मेसिनात होता. त्याने आपल्या पदरचे पैसे देऊन त्या गरीब मुसलमानांना उतरवून घेतले. इब्न जुबैरने हा परधर्मीय राजाचा उपकारही तितक्याच प्रामाणिकपणे लिहिला. फसवणूक लिहावी तसा उपकारही लिहावा, हा धडा त्याच्याकडून घेण्यासारखा आहे.

इब्न बतूता आपल्या पाठ्यपुस्तकात येतो तो महंमद तुघलकाच्या दरबारातला काझी म्हणून. तो १३२५ साली टँजियरहून एकटा निघाला. अलेक्झांड्रियात त्याला बुर्‍हानुद्दीन नावाचा एक सत्पुरुष भेटला. त्याने हिंदुस्थान, सिंध आणि चीन येथील आपल्या तिघा बंधूंची नावे सांगितली आणि त्यांना माझा सलाम पोचव असे म्हटले. परमुलखात ओळखीचे एक नाव जवळ असणे हीच त्या काळची मोठी शिदोरी. इब्न बतूता म्हणतो, की त्या तिघांनाही तो पुढे भेटला.

याच प्रवाशाने आपल्या कोकणच्या दक्षिणेस, कर्नाटकातील होन्नावर येथे मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा पाहिल्याचे नमूद केले आहे. मुलींना शिकवावे की नाही असा प्रश्न ज्यांना आजही पडतो, त्यांनी चौदाव्या शतकातील ही नोंद वाचावी.

कालिकतला मात्र त्याच्यावर मोठा प्रसंग ओढवला. दिल्लीच्या सुलतानाने त्याला नजराण्यांसह चीनला पाठवले होते. चिनी जहाजांतील चांगल्या खोल्या चिनी व्यापाऱ्यांनी जाण्यायेण्याच्या दोन्ही फेऱ्यांसाठी आधीच घेऊन ठेवल्या होत्या. याच्या वाट्याला आली ती शौचकूप नसलेली लहान खोली. ती सोयीची नाही म्हणून त्याने आपले सामान आणि माणसे एका लहान जहाजावर चढवली, आणि स्वतः जुम्म्याच्या नमाजासाठी किनाऱ्यावर राहिला. तेवढ्यात वादळ उठले. नजराण्यांचे मोठे जहाज फुटले, आणि लहान जहाज त्याचे सामान घेऊन निघून गेले. त्याच्याजवळ उरले दहा दिनार आणि अंथरायची सतरंजी. जागा आधी पक्की करावी आणि सगळा ऐवज एकाच ठिकाणी ठेवू नये, या दोन गोष्टी आपली वडीलधारी मंडळी आजही सांगतात. त्या अशा अनुभवांतून आलेल्या आहेत.

मोगल काळात हिंदुस्थानातून हजला जाण्याचे मुख्य बंदर सुरत होते. शिडाची जहाजे वाऱ्यावर अवलंबून. पावसाळ्याआधी निघाले तरच तांबडा समुद्र गाठता येई, आणि परतायचे ते नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर. आपण ‘मोसम’ म्हणतो तो शब्द मुळात अरबी, आणि खलाशांच्या तोंडी तो या वाऱ्यांच्या ऋतूसाठीच रूढ होता. औरंगजेबाची विदुषी कन्या झेबुन्निसा हिच्या आश्रयाने सफी बिन वली या विद्वानाने १६७६ च्या सुमारास हा प्रवास केला, आणि परतल्यावर फारसीत ‘अनीसुल हुज्जाज’, म्हणजे यात्रेकरूंचा सोबती, हा ग्रंथ लिहिला. सागरी प्रवासाची तयारी, वाटेतील बंदरे आणि निरनिराळ्या मुलखांतून येणारे यात्रेकरू यांची माहिती त्यात आहे, आणि सोबत चित्रेही आहेत. ज्याला फारसी येत नाही त्यालाही चित्रावरून बंदर ओळखता यावे, इतकी ती बोलकी आहेत.

आगबोटी आल्या तसे मुंबई हे हजचे मुख्य बंदर झाले. प्रवास जलद झाला, पण गरीब यात्रेकरूची फसवणूक थांबली नाही. तिकिटांचे दलाल भाव वाढवीत. जेद्दाला उतरल्यावर परतीचे पैसे नसलेले हिंदी यात्रेकरू तिथेच अडकून पडत. भोपाळची सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये मोठ्या लवाजम्यासह हजला गेली, तेव्हा राज्यकर्ती असूनही जेद्दाच्या जकातीत तिला सामानाचा त्रास चुकला नाही, आणि तिने ते लिहून ठेवले. अशा तक्रारी साठत गेल्या तेव्हा सरकारला हालचाल करावी लागली. १८८६ साली यात्रेकरूंच्या वाहतुकीचे काम थॉमस कुक कंपनीकडे सोपवण्यात आले. ते थोडीच वर्षे चालले. १८८७ साली मुंबईत यात्रेकरूंच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुढे परतीच्या तिकिटाची अट आली, आणि १९३२ साली बंदरांच्या हज कमिट्यांचा कायदा झाला. हे नियम सहजासहजी झालेले नाहीत. अडकून पडलेल्या माणसांनी आपली हकीकत सांगितली, म्हणून ते झाले.

मुंबईहून जेद्दाला जाणारी हजची जहाजे १९९५ साली बंद झाली. माझी दादी त्या जहाजाने गेली होती. कोणत्या मजल्यावर वारा लागतो, उलटी होऊ नये म्हणून काय खावे, हे ती मरेपर्यंत सांगत असे. ऐकणारे विमानाने जाणार होते, तरी ती सांगायची राहिली नाही.

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्यांनीही हे काम केले आहे. सर सय्यद अहमद खान एप्रिल १८६९ मध्ये मुंबईहून जहाजाने इंग्लंडला निघाले. सुएझचा कालवा अजून खुला झाला नव्हता, तो त्याच वर्षी नोव्हेंबरात झाला. म्हणून सुएझला उतरून आगगाडीने अलेक्झांड्रिया गाठावी लागे. या प्रवासाची पत्रे त्यांनी अलीगढच्या आपल्या नियतकालिकात छापून आणली. काही मजकूर लोकांना झोंबला, टीकाही झाली. पण घरी बसलेल्या वाचकाला प्रथमच समजले, की तिकडे जाणे आपल्यासारख्या माणसाला शक्य आहे.

आपल्या मुंबईच्या अतिया फैजी १९०६ साली शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेल्या. त्या बहिणींना जी पत्रे लिहीत, ती लाहोरच्या ‘तहजीब-ए-निसवां’ या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापून येत. प्रकृतीमुळे त्यांना अभ्यासक्रम पुरा न करताच १९०७ साली परतावे लागले. त्यांच्या भगिनी नाझली बेगम म्हणजे आपल्या जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम. त्यांनीही १९०८ च्या युरोप प्रवासाचे वर्णन उर्दूत प्रसिद्ध केले. एकीचा अभ्यास अपुरा राहिला, पण पत्रे मात्र पुष्कळ घरांतल्या मुलींपर्यंत पोचली.

एक गंमतीची माहिती विद्यार्थ्यांसाठी. परदेशी जाताना पैसे कोणते न्यावेत हा प्रश्न आखाताच्या बाबतीत एके काळी नव्हताच, कारण तिथल्या अनेक संस्थानांत आपलाच रुपया चाले. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे परकीय चलनावर ताण पडू लागला, तेव्हा १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या. हजच्या यात्रेकरूंसाठीही दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा निघाल्या. १९६६ पर्यंत त्या मुलखांतून आपला रुपया बहुतेक उठला. म्हणजे वडिलांनी दिलेला सल्ला मुलाच्या वेळेपर्यंत खोटा ठरू शकतो. सल्ला घ्यावा, पण तो कोणत्या सालचा आहे हेही विचारावे.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. मी पाचवीत असताना माझे मामू नोकरीसाठी आखातात गेले. एका एजंटाने ड्रायव्हरची नोकरी म्हणून सांगितले. करार अरबीत होता. मामूंनी अंगठ्याशेजारी सही केली. तिथे गेल्यावर त्यांना शहरापासून दूर उंट आणि शेळ्या राखायला लावले. पासपोर्ट मालकाने काढून घेतला. दोन वर्षांनी ते परतले तेव्हा आमच्यासाठी अत्तर, टॉर्च आणि कापड घेऊन आले. मोहल्ल्यात कुणी विचारले की म्हणत, “नोकरी चांगली होती, हवा मानवली नाही.”

पुढच्या वर्षी आमच्याच मोहल्ल्यातले दोन तरुण त्याच एजंटाकडून गेले.

त्यांचे काय झाले ते इथे लिहीत नाही; त्यांची मुले आपल्याच शाळेत शिकली आहेत. मी नोकरीला लागल्यावर एका रात्री मामूंनी मला सगळे सांगितले. मी विचारले, “मामू, तेव्हा का नाही बोललात?” ते म्हणाले, “बाबा, लाज वाटली. जमीन गहाण टाकून गेलो होतो. फसलो असे कुणाला सांगू?” मग थोड्या वेळाने म्हणाले, “त्या दोघांच्या आया ईदला मला शीरखुर्मा पाठवायच्या. तो घशाखाली उतरत नसे.”

मामू आता हयात नाहीत. हे लिहायला त्यांनी मला परवानगी दिली होती, आणि अजून पुष्कळ घरांत असे मामू आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून लिहिले.

पालकहो, फसलेल्या माणसाला लाज वाटण्याचे कारण नाही. लाज फसवणाऱ्याची. सुखाची हकीकत सगळेच सांगतात, पण तिने मागून येणारा वाचत नाही. त्याला वाचवते ती ठेच लागलेल्याची हकीकत.

म्हणून माझे मागणे असे. शाळेच्या वाचनालयात मी एक जाड वही ठेवली आहे. तिच्यावर ‘प्रवाशांची वही’ असे लिहिले आहे. नोकरी, शिक्षण, उपचार किंवा हज-उमऱ्यासाठी जो परदेशी जाऊन आला, त्याने तिच्यात एक पान लिहावे. गाव, देश आणि साल टाकावे. नाव नको असेल तर टाकू नये. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे, आमचे नववीचे विद्यार्थी लिहून घेतील. त्यांच्या मराठीला सराव होईल. आतापर्यंत अकरा पाने भरली आहेत. एका बाईंनी केवळ एवढेच लिहिले आहे, की पहिल्या महिन्यात घरून फोन आला की रडू येते, तरी फोन घ्यावा. ते पानही माझ्या दृष्टीने मोलाचे आहे.

आणि जो निघणार आहे त्याने जाण्याआधी वही वाचावी. आपल्याला समजणाऱ्या भाषेत करार वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. १९८३ च्या कायद्याने परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली. ती आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येते. ज्याला पाहता येत नाही त्याने शाळेत यावे, आम्ही पाहून देऊ. त्यासाठी शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास मी वाचनालयात बसतो.