गाडी जर्मन, रस्ता समृद्धी आणि नजर बैलगाडीची

आज राजकारण नाही आणि पाणीटंचाईही नाही. आज टायरवर लिहितोय. जरा लांबलचक आहे, पण घरात चारचाकी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

परवा शेणव्याच्या नाक्यावर चहा घेत उभा होतो. ओळखीतला एक पोरगा गाडी घेऊन आला. जर्मन सेडान, दहा-बारा वर्षं जुनी, मुंबईतून सेकंडहँड घेतलेली. जमिनीचे पैसे आले, हौस होती, घेतली. त्यात वाईट काही नाही. म्हणाला, "दादा, टायर संपलेत. आईला घेऊन समृद्धीवरून शिर्डीला जायचंय. एक जण निम्म्या भावात सेम साइजचे देतोय. घेऊ का?"

मी खाली वाकून जुना टायर वाचला, मग दुकानदाराने त्याच्या मोबाइलवर पाठवलेला फोटो वाचला. साइज तीच, २५५/४५ आर १८. पण त्यापुढे जुन्यावर १०३ वाय, नव्यावर ९९ व्ही. पोरगा म्हणाला, "चाराचाच तर फरक आहे."

तो चार किलोंचा फरक नाही. हा आकडा म्हणजे भार-निर्देशांक. १०३ म्हणजे एक टायर ८७५ किलो उचलतो, ९९ म्हणजे ७७५. एका टायरमागे १०० किलो, चारांमागे ४००. म्हणजे गाडीभर माणसं आणि वर त्यांचं सामान. दोन टनांच्या आसपासची गाडी बनवणाऱ्याने ते १०३ उगाच लिहिलेलं नसतं.

हे आकडे टायरवर आले कसे, त्यामागे मोठा इतिहास आहे. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली रबर आणि गंधक एकत्र तापवून टिकाऊ रबर केलं आणि १८६० साली कर्जात बुडालेला असताना तो वारला. हवेचं चाक ही मूळ कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनची. त्याने १८४५ साली पेटंट घेतलं, पण ते चाक महाग पडलं आणि लोक विसरून गेले. पुढे १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने पोराच्या तीनचाकी सायकलसाठी तेच पुन्हा शोधलं. १८९५ साली मिशलॅं बंधूंनी पॅरिस-बोर्दो शर्यतीत हवेच्या टायरवर मोटार पळवली. पंक्चर काढता काढता बेजार झाले, पण टायर मोटारीखाली आला तो कायमचा.

खरा बदल १९४६ सालचा. मिशलॅंने रेडियल टायरचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके असायचे. आपल्याकडे ट्रकवाले त्याला नायलॉन टायर म्हणतात. रेडियलमध्ये दोरे आडवे आणि वरून पोलादी तारांचा पट्टा. टायर कमी तापतो, जास्त टिकतो, वेगात रस्ता धरून राहतो. आजच्या जड आणि वेगवान गाड्या या शोधाशिवाय शक्यच नव्हत्या.

आता आपल्याकडे या. भारतात डनलॉपचा कारखाना १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला सुरू झाला. हे नाव खेड्यात इतकं मुरलं की टायरच्या बैलगाडीला लोक 'डनलॉपची गाडी' म्हणू लागले. सिएट मूळची इटलीतल्या तुरिनची. तिची भारतातली कंपनी १९५८ सालची, आणि कारखाना आपल्या मध्य रेल्वेवर, भांडुपला. शहापूर-मुरबाडमधून गवताचे ट्रक मुंबईच्या तबेल्यांकडे जायचे, ते आठवा. गवत छपरापेक्षा वर, टायर रिमोल्ड केलेला. तो गेला की ट्यूब विहिरीत पोहायला आणि टायर चपलेला. काही वाया घालवायचं नाही.

हा काटकसरीचा संस्कार मला आजही चांगला वाटतो. त्या काळी त्या रस्त्यांवर तो चालूनही गेला, कारण वेग कमी होता. खड्डे आणि घाट गाडीला पळूच देत नव्हते. टायर फुटला तर गाडी कडेला घ्यायची, जॅक लावायचा, बिडी ओढायची.

पण मग दोन गोष्टी बदलल्या. पहिली, गाडी. १९९५ पासून पुण्यात मर्सिडीज तयार होऊ लागली आणि भारी सेडान हा प्रकार महाराष्ट्राच्या रस्त्यावर रुळला. २०२२ साली चाकणला त्यांचीच विजेवरची ईक्यूएस जुळवली जाऊ लागली. बॅटरीमुळे तिचं वजन अडीच टनांच्या आसपास. म्हणजे गाड्या हलक्या होत नाहीयेत, जड होत चालल्यात. त्यात जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली. देशी कारखान्यांना आधार मिळाला, पण जी साइज इथे बनतच नाही तिच्यासाठी गिऱ्हाईकाच्या हाती दोनच गोष्टी उरल्या, थांबणं किंवा जास्त पैसे. आणि थांबायला नको म्हटलं की 'सेम साइज आहे साहेब' ऐकावं लागतं.

दुसरी बदललेली गोष्ट म्हणजे रस्ता. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा उघडला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आता आपल्या शहापूर तालुक्यातूनच जातो. मोटारीला ताशी १२० ची मुभा. ८० वरून १२० वर गेलं की गाडीचा जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याची बाजू दर फेऱ्याला दुमडते, दुमडली की तापते, आणि सरळ काँक्रीटवर तास-दोन तास न थांबता पळताना ती उष्णता साठत जाते. मग फुटतो. २०२३ मध्ये परिवहन विभागाला समृद्धीच्या तोंडावर उभं राहून टायर तपासावे लागले आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या, ते यामुळेच.

म्हणजे रस्ता बदलला, गाडी बदलली, पण टायर बघायची आपली नजर अजून डनलॉपच्या गाडीचीच आहे. अंगठ्याने नक्षी चाचपायची, लाथ मारून हवा बघायची आणि भाव विचारायचा.

साधा हिशेब करा. दोन टनांची गाडी, एका चाकावर ५०० किलो, हवा ३५. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो. भागाकार केला की एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण २०० चौरस सेंटिमीटर येतो. माणसाच्या पंजाएवढा. कितीही लाखांची गाडी असो, ती आणि तिच्यातली माणसं असल्या चार पंजांवर उभी असतात.

पोरगा म्हणाला, "पण दादा, वाय म्हणजे ३०० चा वेग ना? मी थोडाच ३०० ने जाणारे?" बरोबर. वाय ३००, डब्ल्यू २७०, व्ही २४०. पण ते अक्षर पळायचा परवाना नसतो. टायरची बांधणी किती उष्णता सोसेल, ते त्यातून कळतं. कंपनीने सांगितलंय त्याच्या खाली जायचं नाही, ना आकड्यात, ना अक्षरात. शिवाय १०३ चा जादा भाराचा टायर घेऊन हवा कमी ठेवली तरी उपयोग नाही, तो पूर्ण भार भरपूर हवेवरच उचलतो. किती हवा, ते दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. टायर थंड असताना मोजायची.

आणि वय बघा. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१३ साली अमेरिकेत पॉल वॉकर हा नट पोर्शे गाडीच्या अपघातात गेला. गाडी वेगात होती, आणि तपासात निघालं की टायर नऊ वर्षांचे होते. अशी गाडी घरात जास्त उभी असते, त्यामुळे नक्षी तशीच दिसते, पण रबर म्हातारं होतं. कायदा मोटारीला किमान १.६ मिलिमीटर नक्षी सांगतो. आपल्या पावसात मी तरी तेवढी वाट बघणार नाही.

चारांचे पैसे नसतील आणि दोनच घ्यायचे असतील, तर नवे मागे लावा. आपल्याकडे सगळे पुढे लावतात. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

पोराने तो सौदा सोडला. १०३ वायचे चार सांगितलेत, यायला पंधरा दिवस लागतील. तोवर गाडी अंगणात उभी. काल त्याची आई भेटली. म्हणाली, "पोराला एवढी मोठी गाडी घिऊन दिली, आन मी आपली एसटीनेच शिर्डीला चालले." मी म्हटलं, "काकी, पंधरा दिवस थांबा." हसली आणि गेली.

तुमच्या गाडीचा टायर आज एकदा वाकून वाचा. काय लिहिलंय ते कमेंटमध्ये टाका, जमेल तसं उलगडून सांगतो.